बैलांनी चाटलेला राजवाडा

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं काढलेले बरेच घोडे होते आणि त्यातल्या एकालाही पाय नव्हते. ते सगळे माझे. मी घोडा तोंडापासून काढायला घ्यायचो. कान, आयाळ, डोळा, सगळं मन लावून. पोटापर्यंत आलो की डोक्यात पुढचं चित्र सुरू व्हायचं. एखादा हत्ती, मग त्या हत्तीवर बसलेला राजा, मग तो राजा मी नागपूरला कुठल्याशा मोठ्या दिवाणखान्यात रंगवतो आहे आणि माणसं पाठीमागं उभी राहून पाहताहेत. तोवर हातातला घोडा थंड पडलेला असायचा. माय शेणाची टोपली घेऊन आत यायची, भिंतीकडे पाहायची आणि म्हणायची, "बिना पायाचे घोडे, कोठी जातीन बापा?" मी हसायचो. मला वाटायचं, पाय काय, कधीही काढता येतील.

घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली होतं. आमच्याकडे बोलताना पाळीला पार म्हणतात. ही पाळ आमच्या पूर्वजांनी बांधली, असं बाबा सांगायचे. कोणत्या पूर्वजानं, हे विचारलं तर चिडायचे. "बांधली ना? मंग झालं." तलाव राखणं हे त्यांचं काम कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण गावात त्याबद्दल कुणाला शंकाही नव्हती. पहाटे धान कांडायच्या ढेकीचा धप्प-धप्प आवाज सुरू झाला की बाबा उठायचे आणि अनवाणी पाळीच्या पायथ्यानं एक फेरी मारून यायचे. ढेकीवर माय आणि सीतावहिनी असायच्या, एकजण पाय देणारी, दुसरी धान सारणारी. त्या आवाजात माझी झोप मोडत नसे, उलट ढेकी थांबली की मी जागा व्हायचो. मग चुलीवर पेज चढायची. आमच्या भागात भाताची पेज सगळ्यांची. सकाळी माणसं प्यायची, संध्याकाळी तीच मीठ घालून बैलांना. अंबाडीची भाजी, लाखोरीची डाळ, तलावातले झिंगे, आणि दिवाळीच्या सुमारास उकडलेले शिंगाडे. आजही बाजारात शिंगाडे दिसले की मी भाव न विचारता घेतो आणि घरी बोलणी खातो.

त्या वर्षी मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे खरोखरच बसलो होतो. डोक्यात नागपूर होतं, चित्रकलेची शाळा होती, आणि हातात काही नव्हतं. बाबा दसऱ्याला बांधावरून घसरले, पाय मुरगळला आणि आंबेहळद बांधून खाटेवर पडले. त्यांची पाळीची फेरी बंद झाली. ती थोरल्या भावाकडे, दादाकडे आली. दादा पाळीवरून भराभर चालून जायचा आणि "सारं बराबर हाये" म्हणून सांगायचा. खाटेवर पडलेल्या माणसाला घरातलं सगळं दिसतं, तसा मी त्यांना दिसू लागलो. एक दिवस म्हणाले, "गोंदियाले मिलमंदी सांगून ठेवलो हाये. धान तोलाले माणूस पायजे त्याईले."

मी म्हणालो, "मले चित्र शिकाचं हाये, बाबा."

"कोणतं चित्र पुरं केलंस आतावरी? जो घोड्याले पाय देत नाही, तो पोटाले काय देईन?"

मला रडू आलं, ते मी गोठ्यात जाऊन रडलो, त्याच घोड्यांसमोर. बाबा दुष्ट नव्हते. मुलगा अर्धवट राहील, ही त्यांना धास्ती होती आणि ती खरी होती. हे आज समजतं. त्या वेळी मात्र ते मला जगातले सगळ्यात कठोर गृहस्थ वाटले.

वाट काढली ती आडकूकाकांनी. आडकूकाका म्हणजे आमच्या गावच्या नाटकमंडळीचे सर्वेसर्वा. नाटक बसवायचे तेच आणि राजाही व्हायचे तेच, कारण राजाला शोभतील अशा मिशा गावात दुसऱ्या कुणाला नव्हत्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, पाहुणेरावळे, आणि दिवे लागले की नाटक. मंडईला लेकीबाळी माहेरी येतात, सोयरे येतात, आणि नाटक पडलं तर वर्षभर सोयऱ्यांच्या तोंडी पडतं. दरवर्षी राजवाड्याचा पडदा दुसऱ्या गावाहून मागून आणायचे. त्या वर्षी काका म्हणाले, आपल्या गावाचा पडदा आपलाच पोरगा काढीन. बाबांनी खाटेवरून ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पडदा पुरा करून टांगून दाखव. मंग मिलचं पाहू. नाही झाला तर मंडईच्या दुसऱ्या रोजी गोंदिया." सौदा सरळ होता.

मांजरपाटाचे पट्टे शिवून वहिनीनं मोठा पडदा तयार केला. रंग म्हणजे पिवडी, गेरू, नीळ, खडू आणि काजळी. अडचण आली ती रंग धरून ठेवणाऱ्या सरसाची. सरस हाडाचामड्याचा असतो हे कुठूनतरी मायला कळलं आणि तिनं उंबऱ्यातच पाय रोवले. "माह्या घरात ते चीज येनार नाही." तेव्हा सीतावहिनी म्हणाली, "भाऊजी, लुगड्याले पेजेची खळ देतो ते कशी कडक होते? रंगाले पेज द्या." मला ते एकदम पटलं. ती रोज घट्ट पेज काढून ठेवायची, मी तीत रंग कालवायचो. एका कापडदुकानाच्या कॅलेंडरवर राजवाड्याचं चित्र होतं. ते मी चौकटी आखून पडद्यावर उतरवायला घेतलं. खांब, कमानी, झुंबरं. काम बरं चाललं होतं, पण मी तिथं नव्हतो. हात खांब काढायचा आणि मी नागपूरला असायचो. झुंबर काढताना मी कुणाच्या तरी हातून शाल घेत होतो. मंडईच्या आदल्या दिवशी राजवाडा जवळजवळ झाला. फक्त खांबांना खालचे चौथरे नव्हते. ते सकाळी काढू म्हणून मी पडदा गोठ्यात दोरीवर वाळत टाकला, कॅलेंडर त्याला टाचणीनं लावून ठेवलं आणि शांतपणे झोपलो.

सकाळी ढेकी वाजलीच नाही. मी जागा झालो तो वहिनीच्या हाकेनं. "भाऊजी, राजवाडा गेला!"

गोठ्यात जाऊन पाहतो तर दोन्ही बैल पडद्यासमोर शहाण्यासारखे उभे. खैऱ्याची जीभ निळी, लाल्याच्या नाकाला पिवडी. रोज संध्याकाळची पेज त्यांना ठाऊक होती. ती आज उभी करून ठेवलेली पाहिल्यावर त्यांनी ती खालपासून वरपर्यंत, मान पोचेल तिथवर, चाटून साफ केली होती. वहिनी तोंडावर पदर धरून उभी होती. पदराआडूनच म्हणाली, "मी सवयीनं मीठ टाकत होती जी." कॅलेंडरचा एक कोपरा तेवढा टाचणीला शिल्लक होता.

आडकूकाका धावत आले. पडदा पाहून त्यांच्या मिशा खाली आल्या. "आता दरबार कोठी भरवू गा? गोठ्यात?" बाबांना दादानं धरून आणलं. त्यांनी बैलांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैलाईले आवडला म्हणजे चांगलाच असंन. पर माणसाले दाखवाले काही उरला नाही." बायका हसल्या, काकाही हसले. मला मात्र मिलमधला काटा डोळ्यांसमोर दिसत होता. बाबा काठी टेकत परत जाताना थांबले आणि एवढंच म्हणाले, "दिवे लागतपर्यंत बोली हाये. मी बोलीले पक्का हावो."

वहिनीनं मग कुणाला विचारलं नाही. शेजारच्या दोघीतिघींना हाक मारली, पडदा तलावावर नेऊन बडवून धुतला आणि पाळीवरच्या उन्हात टाकला. माय घरात गेली आणि एक मडकं घेऊन आली. त्यात धावड्याचा डिंक होता, हिवाळ्यातल्या लाडवांसाठी वर्षभर जमवलेला. तिनं तो गरम पाण्यात ओतला आणि काठीनं ढवळत बसली. त्या वर्षी आमच्या घरी लाडू झाले नाहीत आणि कुणी त्याचा उच्चारही केला नाही. माझी चित्रं म्हणजे रिकामपणाचे धंदे, असं म्हणणारी माझी आई ती. तिच्या त्या ढवळणाऱ्या हाताची आठवण झाली की मला अजून गहिवरून येतं.

पाळीखाली आमचं खळं होतं, धान येणार म्हणून नुकतंच सारवलेलं. तिथं पडदा पसरला, कडांवर दगड ठेवले. समोर पाळ, पाळीवर मोहाची झाडं, मंडईला येणारी माणसं. मी कुंचला घेऊन उभा राहिलो. नमुन्याचं चित्र बैलाच्या पोटात. खांब सरळ आखायला वेळ नाही. मी एकदा कापडाकडे पाहायचो, एकदा सूर्याकडे, मग आमच्या घराकडे, जिथं बाबा खाटेवर होते. वहिनी डिंकाचं पाणी घेऊन आली. तिनं मला असं तीन दिशांना मान फिरवताना पाहिलं.

"भाऊजी, तुमी रोवण्यात आले होते ना? मांगं वळून वळून कोण पाहाते?"

रोवणा म्हणजे धानाची लावणी. चिखलात ओणव्यानं, हातात रोपांची पेंडी घेऊन, बायकांची रांग उलटी, मागं सरकत जाते. रोवलेलं समोर राहतं, रोवायचं राहिलेलं पाठीशी. नव्या पोरी मागं वळून पाहतात की बांधी, म्हणजे बांधाआतलं शेत, अजून किती उरली.

"जे मांगं पाहाते तिची कंबर मोडते," वहिनी म्हणाली. "हातची पेंडी पाहा अन् रोवा. बांधी सरते आपोआप."

तिला चित्रकलेतलं काही ठाऊक नव्हतं आणि तसा तिचा दावाही नव्हता. पण कापड जमिनीवर होतं. वरच्या कडेपासून सुरुवात केली तर ओल्या रंगावर पाय देता येणार नाही, मागंच सरकावं लागणार. रोवण्याचीच रीत. मी ओणवा झालो. समोर आभाळ होतं, म्हणून आभाळ काढलं. राजाचं आभाळ कसं असतं याचा विचार केला नाही. हे समोर होतं, दिवाळीनंतरचं, फिकट, खाली थोडं पिवळसर. एक पट्टा झाला, मी मागं सरकलो. मोहाची झाडं आली. त्यातल्या एकाची फांदी वठलेली होती, ती वठलेलीच काढली. पुन्हा मागं. पाळीचा माथा, त्यावरून चाललेली माणसं. डोक्यावर शिंगाड्यांची टोपली घेऊन एक म्हातारी थांबली, तेवढ्यात तिला काढलं. ती गेली, मग पुढचा माणूस. राहिलेलं कापड माझ्या पाठीशी होतं, मला दिसतच नव्हतं. झालेलं दुरुस्त करायला परत जाता येत नव्हतं. राहिलं फक्त हाताखालचं वीतभर कापड आणि समोर जे असेल ते.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. वहिनी रंग कालवून देत होती, माय मधूनच पाणी पाजून जात होती, दूर दंडारीचा ढोल वाजत होता, आणि हे सगळं मला एरवीपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येत होतं. नागपूर कुठं गेलं कोण जाणे. मिलही गेली. पाळीचा उतार वाळल्या गवताचा, तांबूस. तो काढत पायथ्याशी आलो तर एका जागी गवत हिरवंगार होतं, गोधडीएवढा तुकडा. मी पिवडीत नीळ कालवून तो तिथं तसाच ठेवला. शेवटी खालच्या कडेला खैऱ्या आणि लाल्या. दादानं त्यांना शिक्षा म्हणून समोरच बांधून ठेवलं होतं. आठही पाय काढले, खुरांसकट. आणि पुन्हा मागं सरकायला गेलो तो पाय सारवलेल्या जमिनीवर पडला. कापड संपलं होतं. मी तिथंच बसलो आणि मला इतका आनंद झाला की मी वहिनीला मोठ्यानं हाक मारली, तर ती शेजारीच उभी होती.

आता मला लोक भेटतात, तरुण मुलं असतात, विचारतात, सर, तुमची दिशा तुम्हाला कशी सापडली? मोठा प्रश्न असतो आणि चहा गार होत असतो. मी म्हणतो, मी दिशेकडे पाठ केली होती. मुलांना वाटतं म्हातारा चेष्टा करतो आहे. चेष्टा करायची मला सवय आहे, पण हे मी खरं सांगतो.

सूर्य टेकला तेव्हा पडदा बांबूवर चढवला. मंडईतली माणसं जमली. आडकूकाका अर्धे राजा झालेले, अंगात झगमगता अंगरखा, खाली धोतर. त्यांनी वर पाहिलं. "अरे, दरबार कोठी हाये? हे तं आपली पार होय!" मी मान खाली घातली. तेवढ्यात गर्दीतून शिंगाडेवाली म्हातारी ओरडली, "अवो, हे मीच तं हावो!" मग एकच गलका झाला. हा अमका, ही तमकी, हा वठलेला मोह. सोयरे आपापल्या सोयऱ्यांना दाखवू लागले. काकांनी तो गलका ऐकला, मिशांना पीळ दिला आणि राजाच्या आवाजात म्हणाले, "प्रधानजी, आज आमचा दरबार तलावाच्या काठी भरेल!" हे वाक्य नाटकात नव्हतं, पण पुढं कितीतरी वर्षं त्या नाटकात राहिलं.

बाबा सगळ्यात शेवटी आले, दादाच्या खांद्याला धरून. माणसांकडे, झाडांकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते खाली वाकले आणि काठीचं टोक त्या हिरव्या तुकड्यावर ठेवलं.

"हे हिरवं काऊन काढलंस?"

"दिसलं म्हणून."

"का शोभेले काढलंस?"

"नाही बाबा. तेथी हिरवंच हाये."

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "मी वरून जातो जी. खाली काई पाह्यलो नाही." सकाळी उजाडताच त्यांनी खैऱ्या-लाल्याची गाडी जुंपायला लावली, पायथ्याशी जाऊन गवत उपटायला सांगितलं. खालची माती ओली, बोटानं दाबली की पाणी येत होतं. पाळ पाझरू लागली होती. वरून काही दिसत नव्हतं, पण आत वाट धरली होती. तलाव काठोकाठ आणि खाली सगळ्या गावाचं उभं धान. मंडईसाठी आलेले पाहुणेसुद्धा टोपल्या घेऊन उतरले. काळी माती, दगड, पुन्हा माती. बाबा गाडीत बसून ओरडत होते आणि मी बऱ्याच दिवसांनी त्यांना खूष पाहत होतो.

तो मंडईचा दुसरा दिवस होता, माझा गोंदियाला जायचा. मी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, कारण पडदा राजवाड्याचा व्हायचा होता आणि झाला होता भलताच. संध्याकाळी बाबांनी पडदा अंगणात पसरायला लावला. या वेळी सगळा पाहिला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, काठी टेकत.

"सारं गाव हाये. मी कोठी हावो यात?"

"तुमी समोर नव्हते, बाबा."

"बरोबर हाये," म्हणाले. "नव्हतो तं कायले काढतेस." मग घराकडे वळले आणि जाता जाता, पाठमोरेच म्हणाले, "मिलवाल्याले निरोप धाडलो सकारीच. पोट्टा येत नाही म्हून. पुढच्या साली पडदा काढजो. पर पेजेनं नोको."

वहिनी चुलीपाशी खुदकन हसली. मी पिशवी रिकामी केली.

पुढच्या मंडईला मी पुन्हा खळ्यावर कापड पसरलं. या वेळी आडकूकाकांना जंगल हवं होतं आणि जंगल आमच्या गावाला लागूनच होतं, पण खळ्यावरून दिसायची ती पाळच. कुंचला हातात घेतो न घेतो तोच बाबा समोर आले, बऱ्या झालेल्या पायांनी चालत, आणि पाळीच्या उतारावर मोहाखाली बसले. बरोबर अंबाडीचा वाख. दोर वळायला लागले. घरात त्या वेळी दोराची काही गरज नव्हती, खुंटीला नवे दोन दोर टांगलेले होते. ऊन चढलं, मायनं जेवायला हाक मारली, तरी ते उठले नाहीत. आडकूकाकांच्या जंगलात त्या वर्षी एक म्हातारा दोर वळत बसलेला होता. मी मागं सरकत सरकत आधी त्यांचं मुंडासं काढलं, मग चेहरा, मग हात, आणि शेवटी त्यांचे दोन्ही पाय पूर्ण काढले, अंगठ्यात धरलेल्या दोरासकट.